बुलपेनमधला सर्वांत मोठा कोण? रिलीफ पिचरांच्या वादात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

माझा भाचा गेल्या वर्षी पुण्याहून न्यू जर्सीत नोकरीसाठी आला. तिसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन. "मामा, ऑफिसात जेवणाच्या टेबलावर रोज बेसबॉलवरून वाद चालतो. काल विषय होता, इतिहासातला सर्वांत मोठा रिलीफ पिचर कोण. मी नेटवर बघितलं, सर्वांत जास्त सेव्ह कुणाचे ते सांगितलं, तर सगळे गप्प झाले आणि विषयच बदलला. माझं काय चुकलं?"

उत्तर बरोबर होतं, पण त्यामागचं कारण चुकीचं होतं. हा वाद गेली सत्तर वर्षं अमेरिकेत चालू आहे आणि अजूनही रंगतो, कारण यात सगळ्यांत ठळक दिसणारा आकडाच सगळ्यांत फसवा आहे. त्या रविवारी त्याला समोर बसवून जे सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहितो. क्रिकेट येणाऱ्या माणसाला हे समजायला एक संध्याकाळ पुरते.

पहिली पायरी : रिलीफ पिचरचं काम नेमकं काय

बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन आऊट झाले की बाजू बदलते. बॅटर तीन बेस, म्हणजे थांबे, ओलांडून घरी पोचला की एक धाव; बेसवर थांबलेला तो रनर. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तो स्टार्टर. तो थकला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या जागी येणारा तो रिलीफ पिचर. हे सगळे मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या जागेत बसलेले असतात आणि फोन आला की उठून हात मोकळा करतात.

भाच्याने लगेच विचारलं, "म्हणजे बुमराहला शेवटच्या षटकांसाठी राखून ठेवतात तसंच ना?" अर्धं तसंच. पण एक मोठा फरक आहे आणि तो डोक्यात पक्का बसवा. क्रिकेटमध्ये बॉलरला दोन षटकांनंतर बाजूला करून पुन्हा आणता येतं. बेसबॉलमध्ये सामन्यातून बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे आपला सर्वांत चांगला रिलीफ पिचर कधी बोलवायचा, हा मॅनेजरचा एकदाच करायचा खर्च असतो. सातव्या इनिंगमध्ये आग लागली आहे, आता बोलवू की नवव्यासाठी ठेवू? हा सगळा वाद शेवटी या एका प्रश्नाभोवती फिरतो.

दुसरी पायरी : सेव्ह म्हणजे काय, आणि त्यावर किती विसंबायचं

शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६० च्या सुमारास सेव्ह ही कल्पना मांडली. रिलीफ पिचरच्या कामाची कुठेच नोंद होत नाही, ही त्यांची तळमळ होती आणि ती रास्त होती. १९६९ मध्ये सेव्ह अधिकृत आकडा झाला. नंतर नियम एक-दोनदा बदलला आणि १९७५ पासून साधारण असा आहे : जिंकणाऱ्या संघासाठी सामना संपवणारा पिचर, ज्याच्या नावावर तो विजय लिहिलेला नाही, त्याला सेव्ह मिळतो. त्यासाठी तीनपैकी एक अट पुरी व्हायला हवी. तीन किंवा कमी धावांची आघाडी असताना येऊन त्याने किमान एक पूर्ण इनिंग टाकावी. किंवा बरोबरी करू शकणारा रनर बेसवर, बॅटिंगला किंवा पुढच्या क्रमाला उभा असताना त्याने यावं. किंवा त्याने शेवटच्या किमान तीन इनिंग टाकाव्यात, मग आघाडी कितीही असो.

ही तिसरी अट वाचून २२ ऑगस्ट २००७ ची गोष्ट आठवते. टेक्सस रेंजर्सने बाल्टिमोर ओरिओल्सला ३०-३ असं हरवलं. शेवटच्या तीन इनिंग वेस लिटलटनने टाकल्या आणि त्याच्या नावावर सेव्ह लागला. नियमाने तो पूर्णपणे बरोबर होता. सत्तावीस धावांनी जिंकलेला सामना त्याने 'वाचवला'.

आता याची उलट बाजू बघा. एका धावेची आघाडी आहे, सातवी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, एक आऊट. पिचर येतो, दोघांना बाद करतो, एकही धाव न देता परत जातो. सामन्यातला सर्वांत कठीण तुकडा त्याने पार केला, पण सेव्ह मिळतो नवव्या इनिंगमध्ये तीन धावांच्या आघाडीवर, रिकाम्या बेसवर आलेल्याला. शिवाय आठ इनिंगनंतर पुढे असलेला संघ शंभरातले सुमारे ९५ सामने जिंकतोच, आणि हे प्रमाण क्लोजर, म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी राखलेला पिचर, अशी जागा नव्हती तेव्हाही जवळपास इतकंच होतं. हे एक वाक्य टेबलावर शांतपणे सांगा. समोरचा माणूस जाणकार असेल तर त्याची मान हलेल.

सेव्ह अजिबात टाकून द्या असं मी म्हणत नाही. सहाशे वेळा आघाडी हातात घेऊन ती टिकवणं ही थोर गोष्ट आहे. पण वादाची सुरुवात सेव्हने करू नका.

तिसरी पायरी : काळ ओळखा

इथे सावकाश चला, कारण नवखे लोक सर्वांत जास्त इथेच अडखळतात. रिलीफ पिचरचं काम तीन वेगवेगळ्या काळांत तीन वेगवेगळ्या प्रकारचं होतं.

पहिला काळ फायरमनचा, म्हणजे बंबवाल्याचा. साधारण १९५० पासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत. आग लागेल तिथे धावायचं, मग ती सहावी इनिंग असो की आठवी, आणि बहुतेक वेळा शेवटपर्यंत टिकायचं. फिलाडेल्फिया फिलीजचा जिम कॉन्स्टँटी १९५० मध्ये ७४ सामने खेळला, सगळे रिलीफमध्ये, आणि नॅशनल लीगचा (अमेरिकन बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला. लॉस एंजेलिस डॉजर्सचा माइक मार्शल १९७४ मध्ये १०६ सामन्यांत उतरला. हंगामात सामने असतात १६२. त्याने २०८ इनिंग टाकल्या, एकही सामना स्वतः सुरू न करता, आणि साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा सन्मान मिळवणारा पहिला रिलीफ पिचर ठरला. आजचा क्लोजर हंगामात साठ-सत्तर इनिंग टाकतो. हा तिप्पट फरक लक्षात ठेवा.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेत, मार्शलसमोर ओकलंडचा संघ होता आणि त्यांच्याकडे होता मिशांना पीळ दिलेला रॉली फिंगर्स. पाचव्या सामन्यात जो रूडीने मार्शलला होमरन (मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला, फिंगर्सने सामना संपवला आणि त्या सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दोन रिलीफ पिचर एका वर्ल्ड सिरीजचा निकाल ठरवत आहेत, हे तेव्हा नवीन होतं.

दुसरा काळ नवव्या इनिंगचा. १९८० च्या दशकाच्या शेवटी ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला जवळपास फक्त शेवटच्या इनिंगसाठी राखायला सुरुवात केली. एकर्स्ली आधी स्टार्टर होता, १९७७ मध्ये क्लीव्हलंडसाठी त्याने नो-हिटरही (समोरच्यांना एकही यशस्वी फटका मारू न देता संपवलेला सामना) टाकला होता. क्लोजर झाल्यावर त्याचं १९९० साल बघा : ७३ इनिंगमध्ये फक्त चार वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) आणि ०.६१ ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, नेमकं पुढे सांगतो). १९९२ मध्ये साय यंग आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही सन्मान त्यालाच मिळाले. बाकी संघांनी ही पद्धत उचलली आणि सेव्हचे आकडे फुगत गेले. २००८ मध्ये फ्रान्सिस्को रॉड्रिगेझने एका हंगामात ६२ सेव्ह केले, तो उच्चांक आजही आहे.

या पद्धतीचा आंधळेपणा दाखवणारा सामना म्हणजे २०१६ ची अमेरिकन लीग वाइल्ड कार्ड लढत, हरला तो घरी अशी एकच लढत, टोरांटोमध्ये. ओरिओल्सच्या झॅक ब्रिटनचा त्या हंगामातला ईआरए ०.५४ होता आणि त्याने सेव्हच्या ४७ पैकी ४७ संधी साधल्या होत्या. सामना बरोबरीत जादा इनिंगमध्ये गेला. ओरिओल्स पाहुणे होते, आघाडी नव्हती, म्हणून सेव्हची संधी नव्हती. मॅनेजर आघाडीची वाट बघत राहिले. अकराव्या इनिंगमध्ये दुसऱ्याच पिचरला एडविन एन्कार्नासिओनने तीन धावांचा होमरन मारला आणि हंगाम संपला. ब्रिटनने एकही चेंडू टाकला नाही. त्या रात्री मी टीव्हीसमोरून उठून उभा राहिलो होतो. दहा वर्षं होत आली, तरी तो प्रसंग सांगताना मला वाईटच वाटतं.

तिसरा काळ आजचा, आणि तो अजून घडतो आहे. त्याच २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलंडने अँड्र्यू मिलरला जिथे गरज असेल त्या इनिंगमध्ये आणलं. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत त्याने एकही धाव न देता १४ जणांना स्ट्राइकआऊट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका अर्थाने बंबवाला परत आला, फक्त आता बंब दोन-तीन असतात.

म्हणून १९७८ चा पिचर आणि २००८ चा पिचर यांची तुलना सेव्हवरून करणं म्हणजे कसोटीतला आणि ट्वेंटी-ट्वेंटीतला स्ट्राइक रेट शेजारी ठेवून निकाल देणं.

चौथी पायरी : कोणते आकडे बघायचे

बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर कोणत्याही खेळाडूचं पान उघडा. तिथे रकान्यांचा समुद्र आहे, त्यातले मोजके पुरे.

इनिंग किती टाकल्या ते सर्वांत आधी. कमी काम करून उत्तम सरासरी राखणं सोपं असतं.

मग ईआरए. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा सोडून, दर नऊ इनिंगमागे पिचरने किती धावा दिल्या तो आकडा. जितका कमी तितका चांगला. पण १९६८ मध्ये धावा मुळातच कमी होत होत्या आणि २००० मध्ये मैदानं धावांनी ओसंडत होती. म्हणून शेजारचा ईआरए प्लस बघा. यात काळ आणि मैदान यांचा हिशेब धरलेला असतो. १०० म्हणजे सरासरी, त्याहून वर ते चांगलं. संपूर्ण कारकीर्दीतले हे आकडे वहीत उतरवून ठेवा : मारियानो रिव्हेरा २०५, बिली वॅग्नर १८७, हॉइट विल्हेल्म १४७, ट्रेव्हर हॉफमन १४१, ब्रूस सटर १३६, ली स्मिथ १३२, गूस गॉसेज १२६, रॉली फिंगर्स १२०. यादी सेव्हच्या यादीपेक्षा किती वेगळी आहे बघा. सेव्हमध्ये स्मिथ ४७८ वर आहे आणि सटर ३०० वर.

तिसरा आकडा फारसं कुणी बघत नाही, आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो : वारशाने मिळालेले रनर. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेल्या किती जणांना याने घरी पोचू दिलं? रनर घरी पोचला तर ती धाव आधीच्या पिचरच्या खात्यावर लागते, रिलीफ पिचरचा ईआरए स्वच्छच राहतो. म्हणून हा हिशेब वेगळा काढावा लागतो. आमच्या टेबलावर एक ज्येष्ठ सहकारी होते, आता निवृत्त झाले. कुणाचंही नाव निघालं की ते एकच विचारायचे, "तो आला तेव्हा बेसवर कोण होतं?" मी या देशात नवा असताना हा प्रश्न ऐकला आणि या खेळाकडे बघण्याची माझी नजर बदलली. तुम्हीही हाच प्रश्न सोबत ठेवा.

सेव्हची टक्केवारी मात्र सोडून द्या. रिव्हेराची सुमारे ८९, हॉफमनचीही सुमारे ८९. दोघांत दशांशाचा फरक. त्यावरून काहीच ठरत नाही.

पाचवी पायरी : पहिल्या क्रमांकावर वेळ घालवू नका

नवख्यांना वाटतं की मुख्य भांडण पहिल्या जागेसाठी आहे. ते मिटलेलं आहे. मारियानो रिव्हेरा. फक्त कारणं नीट सांगता यायला हवीत.

पनामातल्या पोर्तो कायमितो या मच्छीमारांच्या गावचा हा मुलगा, वडिलांबरोबर बोटीवर काम केलेला. १९९५ मध्ये न्यू यॉर्क यँकीजने त्याला स्टार्टर म्हणून आणलं आणि त्या वर्षी त्याचा ईआरए ५.५१ होता. पुढच्या वर्षी क्लोजर जॉन वेटलँडच्या आधी, सातव्या-आठव्या इनिंगमध्ये त्याला वापरलं. १०७ इनिंगमध्ये १३० स्ट्राइकआऊट. माझ्या मते त्याच्या मोठेपणाचा सर्वांत चांगला पुरावा हे १९९६ साल आहे. सेव्ह फक्त पाच, तरी साय यंगच्या मतदानात तो तिसरा आला. मत देणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं.

१९९७ मध्ये सहकारी रामिरो मेंडोझाबरोबर सराव करताना त्याचा चेंडू आपोआप शेवटच्या क्षणी वळू लागला. तोच कटर. पुढची सोळा-सतरा वर्षं जवळपास त्या एका चेंडूवर त्याने काढली. डावखुऱ्या बॅटरच्या अंगावर येणारा तो चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागायचा आणि बॅट फुटायची. फलंदाजाला काय येणार ते माहीत आहे, प्रेक्षकांना माहीत आहे, तरी तो खेळता येत नाही. वासिम अक्रमचा यॉर्कर आठवणाऱ्यांना ही भावना समजेल.

६५२ सेव्ह, २.२१ ईआरए, आणि किमान १००० इनिंग टाकलेल्यांत सर्वांत वरचा ईआरए प्लस. पण खरं वजन ऑक्टोबरचं, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचं. प्लेऑफमध्ये ९६ सामने, १४१ इनिंग, ईआरए ०.७०. भागाकार करून बघा : प्रत्येक वेळी सरासरी दीड इनिंग. म्हणजे हंगामाच्या सर्वांत कठीण महिन्यात हा एका इनिंगचा क्लोजर नव्हताच, जुन्या बंबवाल्यासारखा आठव्या इनिंगमध्ये येत होता. समोर देशातले उत्तम संघ, आणि एवढ्या इनिंगमध्ये होमरन दिले दोन. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनाच्या, मतदानात ४२५ पैकी ४२५ मतं पडली. एकमताने निवडला गेलेला तो पहिला खेळाडू.

कुणी म्हणेल की क्लोजरची इनिंगच कमी, स्टार्टरशी तुलना नको. बरोबर आहे, तुलना नकोच. आपला वाद रिलीफ पिचरांपुरता आहे. विषय ताणू देऊ नका.

सहावी पायरी : खरं भांडण दुसऱ्या जागेचं

इथे तुमचं स्वतःचं मत हवं. माझं सांगतो आणि का ते सांगतो.

माझ्या यादीत दुसरा हॉइट विल्हेल्म. तरुण मंडळी त्याचं नाव घेत नाहीत आणि मला ते खटकतं. दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत तो जखमी झाला. मोठ्या लीगमध्ये पदार्पण १९५२ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, न्यू यॉर्क जायंट्सकडून. बॅटिंगला पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा होमरन मारला आणि नंतर वीस वर्षांत दुसरा कधीच मारला नाही. त्याचं अस्त्र नकलबॉल, म्हणजे फिरकी न देता टाकलेला, वाऱ्यावर डुलत जाणारा संथ चेंडू. तो पकडणं इतकं अवघड की बाल्टिमोरमध्ये कॅचरसाठी खास मोठा ग्लोव्ह बनवून घ्यावा लागला. पदार्पणाच्याच वर्षी एकही सामना सुरू न करता तो नॅशनल लीगच्या ईआरएत पहिला आला. सर्वांत थक्क करणारा भाग पुढचा : १९६४ ते १९६८, शिकागो व्हाइट सॉक्सकडे, चाळिशी उलटल्यावर, सलग पाच वर्षं ईआरए दोनच्या खाली. पन्नासावा वाढदिवस काही दिवसांवर असताना खेळणं थांबलं. १०७० सामने, २२५४ इनिंग, २.५२ ईआरए. रिव्हेराच्या पाऊणपट जास्त इनिंग. १९८५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला रिलीफ पिचर तोच. त्याच्यावर आक्षेप एकच, की त्याने ५२ सामने स्टार्टर म्हणूनही टाकले. हजारात बावन्न. मला तो अडत नाही.

तिसरा गूस गॉसेज, आणि तो दुसरा असायला हवा म्हणणाऱ्यांशी मी फार ताणत नाही. १९७५ मध्ये १४१ इनिंग, १.८४ ईआरए. त्याचा सामना म्हणजे २ ऑक्टोबर १९७८, बोस्टनचं फेनवे पार्क, विभागाचं विजेतेपद ठरवणारी एकच लढत. तो सातव्या इनिंगमध्ये आला. दोन धावा दिल्या, आघाडी एकावर आली, नवव्यात दोघे आऊट, बरोबरीचा रनर तिसऱ्या बेसवर, आणि समोर कार्ल यास्ट्रझेम्स्की. चेंडू उंच उडाला आणि तिसऱ्या बेसवरच्या ग्रेग नेटल्सच्या हातात विसावला. आठ आऊट त्याने काढले होते. आताच्या क्लोजरचं काम सोपं आहे, असं गॉसेज नंतर अनेकदा जाहीरपणे म्हणाला. कामाच्या वजनाबाबत ते बरोबर आहे. पण रिव्हेराच्या ऑक्टोबरला हा आक्षेप लागत नाही, हे त्याच्या चाहत्यांना आठवण करून द्या.

मग हॉफमन की वॅग्नर? हा टेबल तापवणारा प्रश्न. ट्रेव्हर हॉफमन मूळचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), सॅन डिएगो पाद्रेसमध्ये त्याने हवेत थबकल्यासारख्या चेंजअपवर, म्हणजे फसव्या संथ चेंडूवर, नाव कमावलं, ५०० आणि नंतर ६०० सेव्हचा टप्पा सर्वांत आधी गाठला, एकूण ६०१. बिली वॅग्नर व्हर्जिनियातला, लहानपणी उजवा हात दोनदा मोडला म्हणून डाव्याने फेकायला शिकलेला, उंची बेताची आणि वेग ताशी शंभर मैलांचा. ४२२ सेव्ह, २.३१ ईआरए. हॉल ऑफ फेमसाठी त्याला दहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं, २०२५ मध्ये निवड झाली. बेसबॉल-रेफरन्सच्या 'वॉर' या एकत्रित मोजमापात दोघेही २८ च्या आसपास आहेत. पण हॉफमनच्या इनिंग १०८९ आणि वॅग्नरच्या ९०३. तेवढंच मोल जवळपास दोनशे कमी इनिंगमध्ये, म्हणून मी वॅग्नरला वर ठेवतो. विरुद्ध बाजूला भक्कम मुद्दा आहे : वॅग्नरचा प्लेऑफमधला ईआरए दहाच्या वर. इनिंग अकरा-बारा, म्हणजे नमुना लहान, पण आकडा दडपू नका. हॉफमनचेही मोठे क्षण हातून गेले आहेत. १९९८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये स्कॉट ब्रोशसचा होमरन, २००७ मध्ये कोलोरॅडोविरुद्ध तेराव्या इनिंगमध्ये गेलेली दोन धावांची आघाडी. दोन्ही बाजू स्वतःच मांडल्या की लोक तुमचं ऐकतात.

एकर्स्लीला मी या रांगेत उभंच करत नाही. १९७ विजय आणि ३९० सेव्ह, दोन कारकिर्दी एका माणसाच्या. त्याच्यासाठी वेगळा कप्पा. सटरने स्प्लिट-फिंगर चेंडू जगाला दाखवला, त्याचं स्थान प्रभावाच्या यादीत जास्त वर आहे.

आणि कुणी 'इतिहास' म्हणताना फक्त अमेरिका धरत असेल तर जपानच्या हितोकी इवासेचं नाव घ्या. चुनिची ड्रॅगन्ससाठी ४०७ सेव्ह, जपानी व्यावसायिक बेसबॉलचा उच्चांक. २००७ च्या जपान सिरीजच्या पाचव्या सामन्यात स्टार्टर दाइसुके यामाईने आठ इनिंग एकाही बॅटरला बेसवर जाऊ दिलं नव्हतं, आघाडी १-०. मॅनेजरने त्याला काढून नवव्याला इवासेला आणलं. त्याने तिघांना बाद केलं आणि १९५४ नंतर पहिल्यांदा चुनिचीने जेतेपद मिळवलं. त्या तीन बॅटरपुढचा दबाव एखाद्या अख्ख्या हंगामाएवढा होता, असं मला मनापासून वाटतं.

सातवी पायरी : टेबलावर बसल्यावर

आधी विचारा, "आपण कारकीर्द मोजतोय की सर्वोत्तम एक वर्ष?" निम्मे वाद इथेच सुटतात. एक वर्ष म्हटलं तर १९७४ चा मार्शल, १९८१ चा फिंगर्स (ईआरए १.०४, साय यंग आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही), १९९० चा एकर्स्ली, २००३ चा एरिक गान्ये (५५ संधी, ५५ सेव्ह) ही नावं येतात.

यँकीजचा चाहता आणि बोस्टनचा चाहता एकाच टेबलावर असतील तर २००४ चं (त्या वर्षी बोस्टनने यँकीजला हरवलं) नाव तुम्ही काढू नका, ते आपोआप निघेल. वडीलधाऱ्या माणसाने गॉसेजचा किंवा फिंगर्सचा सामना स्वतः मैदानात बघितलेला असेल, तर आकडे बाजूला ठेवून त्याला बोलू द्या. ही माहिती संकेतस्थळावर मिळत नाही.

शेवटची पायरी : दोन इनिंग डोळ्यांनी बघा

पहिल्या वादाआधी रिव्हेराच्या दोन हरलेल्या इनिंग बघा. जिंकलेल्या कधीही बघता येतील. १७ ऑक्टोबर २००४, बोस्टन : केविन मिलरला वॉक, त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स, सगळ्यांना माहीत असलेली चोरी (चेंडू पडत असताना धावून पुढचा बेस गाठणं), आणि बिल म्युलरचा फटका. सगळ्या इनिंगमध्ये मिळून दिलेली एक धाव.

दुसरी ४ नोव्हेंबर २००१, ॲरिझोना, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, नववी इनिंग, यँकीज २-१ ने पुढे. ही पूर्ण बघा, मधले क्षण गाळू नका. मार्क ग्रेसचा सिंगल, म्हणजे एक बेस मिळवणारा फटका. बंटवर (बॅटने नुसता अडवून जवळच टाकलेल्या चेंडूवर) रिव्हेराने स्वतः सेकंड बेसकडे केलेली चुकीची फेक. टोनी वोमॅकचा डबल, बरोबरी. मग बेस भरलेले, एकच आऊट, आणि तिसऱ्या बेसवरची धाव अडवायची म्हणून इनफिल्डचे, म्हणजे बेसजवळचे, खेळाडू पुढे ओढलेले. लुईस गोन्झालेझला पडलेला चेंडू नेहमीचाच कटर आहे, नेहमीसारखाच आत येणारा, आणि तो मुठीजवळच लागतो. चेंडू हळू उडतो आणि शॉर्टस्टॉप डेरेक जीटर पुढे उभा असल्यामुळे त्याच्या डोक्यावरून मागे गवतावर पडतो. जीटर नेहमीच्या जागी असता तर तो झेल होता.